बोरघाटाच्या पायथ्याशी मार्क्सविचार

एखाद्या तत्त्वज्ञानाच्या पुनर्मांडणीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे ग्रंथामागून ग्रंथ तपासावयाचे, अशी आपल्याकडील रूढी आहे. कोणी कोणाचे खंडन केले, कोणत्या संज्ञेला कोणी नवा अर्थ दिला, ह्यांची वंशावळ तयार झाली की अभ्यास पुरा झाला असे मानले जाते. मार्क्सवादाच्या बाबतीत ही रूढी विशेष अपुरी ठरते; कारण विचाराची कसोटी व्यवहारात लागते हे ह्या तत्त्वज्ञानाचे स्वतःचेच म्हणणे आहे. म्हणून प्रस्तुत निबंधात आम्ही उलट दिशेने जाण्याचे ठरविले आहे. एक लहानसा प्रदेश समोर ठेवावयाचा आणि महाराष्ट्रात साम्यवादी सिद्धान्ताची जी निरनिराळी भाष्ये झाली, त्यांतील प्रत्येकाला ह्या प्रदेशाचे काय दिसले व काय दिसले नाही, हे पाहावयाचे. प्रदेश आहे कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांचा. पूर्वीचा कुलाबा व 1981 पासूनचा रायगड हा जिल्हा म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे खाडी, मिठागरे आणि नारळी-पोफळी येतात. ह्या दोन तालुक्यांना समुद्र नाही. त्यांच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत आहे, पोटात उल्हास व पाताळगंगा ह्या नद्यांची खोरी आहेत, आणि डोक्यावरून देश व कोकण ह्यांना जोडणारा बोरघाट गेला आहे.

घाटाचा हा उल्लेख भूगोलाच्या वर्णनापुरता नाही. कार्ल मार्क्सच्या भारतविषयक लेखनाशी ह्या घाटाचा संबंध कालगणनेनेच जुळतो. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई ते ठाणे ही आगगाडी धावली. त्याच वर्षी 25 जून व 8 ऑगस्ट ह्या दिवशी मार्क्सचे हिंदुस्थानवरील दोन सुप्रसिद्ध लेख न्यूयॉर्कच्या 'डेली ट्रिब्यून' पत्रात छापून आले. पहिल्या लेखात स्वयंपूर्ण, अचल ग्रामसंस्थेचे चित्र आहे. दुसऱ्यात ह्या समाजाला स्वतःचा असा ज्ञात इतिहासच नाही, एकामागून एक आलेल्या जेत्यांचाच काय तो इतिहास आहे, असे विधान असून, आगगाडी ही येथील आधुनिक उद्योगाची जननी ठरेल असे भाकीत आहे. भाकीत लंडनमध्ये बसून केलेले होते. तीन वर्षांनी, 1856 मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत येऊन पोहोचले व घाटाच्या भिंतीशी थांबले. तेथून प्रवाशाला पालखीत किंवा घोड्यावर बसून खंडाळा गाठावा लागे. घाटातील लोहमार्ग 1863 मध्ये खुला झाला.

त्या बांधकामाचा इतिहास मार्क्सला ज्ञात असता तर त्याने त्याचा निश्चित उपयोग करून घेतला असता. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे ह्या डोंगरात राबत होती. पटकीने व अपघातांनी त्यांतील हजारो दगावली. 1859 च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, आणि त्यानंतर अल्पावधीतच फॅव्हिएल ह्या इंग्रज ठेकेदाराचे कंत्राट संपुष्टात आले. मुंबईत कापडगिरण्यांचे युग नुकते कोठे सुरू होत होते, अशा वेळी बोरघाटात मजुरीच्या प्रश्नावर सामुदायिक प्रतिकार झालेला होता. तथापि आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासांचा आरंभ बहुधा गिरणगावापासून होतो, घाटापासून होत नाही. ह्याचे कारण आमच्या मते असे, की कामगार म्हणजे कारखान्यातील कामगार ही व्याख्या आपण आधीच स्वीकारलेली असते. डोंगर फोडणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तो इतिहासातही बसत नाही.

व्याख्येने वस्तुस्थितीवर केलेल्या अशा आक्रमणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे समाजविकासाच्या पाच अवस्थांचा सिद्धान्त. 1859 च्या आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत मार्क्सने आशियाई, प्राचीन, सरंजामी व आधुनिक भांडवली अशा उत्पादनपद्धतींचा निर्देश केला होता; परंतु प्रत्येक समाजाने ह्या पायऱ्या क्रमाने चढल्याच पाहिजेत, असा दंडक त्यात नव्हता. उलट, 1881 मध्ये व्हेरा झासुलिच ह्या रशियन क्रांतिकारक स्त्रीला उत्तर लिहिताना आपले भांडवलशाहीच्या उदयाचे विवेचन पश्चिम युरोपपुरते आहे, असे त्याने बजावले होते. पुढे 1931 च्या लेनिनग्राड येथील चर्चेत आशियाई पद्धतीची कल्पना बाजूला सारण्यात आली, आणि 1938 मध्ये स्टालिनच्या पुस्तिकेने आदिम साम्यवाद, गुलामगिरी, सरंजामशाही, भांडवलशाही व समाजवाद ही पंचपदी अधिकृत करून टाकली. जगातील साम्यवादी पक्षांनी आपापल्या देशाचा इतिहास ह्या पाच खणांत भरावयास घेतला.

मराठी माणसाने हे काम मोठ्या उत्साहाने केले. श्रीपाद अमृत डांगे ह्यांनी 1942-43 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेला व 1949 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेला, आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारताचा ग्रंथ हा त्या उत्साहाचा नमुना आहे. मॉर्गन व एंगल्स ह्यांची चौकट घेऊन डांग्यांनी वैदिक वाङ्मयाचा अर्थ लावला. यज्ञ ही आदिम सामुदायिक उत्पादनाची पद्धती आणि ब्रह्म म्हणजे तो समुदाय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ह्या धाडसात आकर्षण नाही असे कोण म्हणेल? वेद म्हणजे केवळ पारलौकिक कल्पनांचे भांडार, ह्या समजुतीला त्यांनी दिलेला धक्का आवश्यक होता. परंतु पुरावा म्हणून त्यांच्यापाशी ग्रंथच होते. आणि ग्रंथांतील शब्दांना इष्ट तो अर्थ देण्याची जी शक्ती जुन्या भाष्यकारांपाशी होती, तीच त्यांच्या हातून नव्या कामाला लागली, एवढेच.

त्याच वर्षी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वार्षिकात ह्या ग्रंथाचे कठोर परीक्षण प्रसिद्ध झाले. परीक्षक कोणी साम्यवादाचा विरोधक नव्हता. तो स्वतःस मार्क्सवादी म्हणविणारा गणिती होता: दामोदर धर्मानंद कोसंबी. मार्क्सची पद्धती हे विचाराचे साधन आहे, विचार करण्याचे कष्ट वाचविण्याची ती युक्ती नव्हे, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. पुढील सतरा वर्षांत, म्हणजे 29 जून 1966 रोजी मृत्यू येईपर्यंत, त्यांनी जे लिहिले त्यात हे एकच सूत्र पुनःपुन्हा दिसते. पक्षाच्या अधिकृत मार्क्सवाद्यांविषयी ते तिरकस लिहीत, आणि अधिकृत मंडळी त्यांच्यापासून दूरच राहत. पण खरा भेद स्वभावाचा नव्हता, ज्ञानमीमांसेचा होता. इतिहास म्हणजे उत्पादनाची साधने व उत्पादनसंबंध ह्यांतील क्रमिक बदलांची कालक्रमाने केलेली मांडणी, ही व्याख्या 1956 च्या आपल्या ग्रंथात स्वीकारल्यावर कोसंबींनी तिच्यातून जो निष्कर्ष काढला तो साधा पण दूरगामी होता: बदल कोणते झाले हे आधी शोधून काढावे लागेल, ते सिद्धान्तातून उपजणार नाहीत. ग्रीस-रोमच्या धर्तीची गुलामगिरीची अवस्था भारतात दिसत नाही, तर ती नाही असे म्हणावे. ग्रामसंस्था अचल असल्याचे मार्क्सचे विधान पुराव्याशी जुळत नाही, तर तेही सोडून द्यावे. कारण नांगराच्या शेतीचे स्वयंपूर्ण खेडे हे स्वतःच दीर्घ इतिहासाचे फलित आहे, आणि मौर्य, सातवाहन किंवा गुप्त ह्या काळांतील मोठी स्थित्यंतरे कोणा परकी जेत्याने घडवून आणलेली नाहीत. सरंजामशाहीसुद्धा येथे दोन वाटांनी आली असे त्यांनी मांडले, एक वरून, राजाने दिलेल्या दानांच्या व अधिकारांच्या द्वारे, आणि दुसरी खालून, गावातच उगवलेल्या भूस्वामी वर्गाच्या रूपाने.

हे सारे त्यांनी ग्रंथालयात बसून ठरविले नाही. आहत नाण्यांची वजने करून त्यांचे सांख्यिकी विश्लेषण त्यांनी केले; पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सूक्ष्मास्त्रे वेचली; आपल्या घराजवळच्या फासेपारध्यांच्या पालांत जाऊन अन्नसंकलनाच्या अवस्थेचे अवशेष न्याहाळले. पुण्यास घर व मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, ह्यामुळे कित्येक वर्षे त्यांचा 'डेक्कन क्वीन'ने नित्याचा प्रवास चाले. परतीच्या वाटेवर घाट चढण्यासाठी गाडीला पाठीमागून जादा इंजिने लावण्याचे ठिकाण कर्जत. म्हणजे ज्या भूभागाचा आपण येथे विचार करीत आहो, तो ह्या इतिहासकाराने खिडकीतून शेकडो वेळा पाहिलेला होता. त्यातून त्यांना काय सुचले असेल ह्याविषयी तर्क करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. मात्र घाटवाटांचा प्रश्न त्यांच्या लेखनात मध्यवर्ती आहे, हे खरे.

कार्ल्याच्या लेण्यांतील दानलेखांत वारंवार येणाऱ्या धेनुकाकट ह्या स्थळावर त्यांनी 1955 मध्ये निबंध लिहिला, व 1962 च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' ह्या संग्रहात पश्चिम दख्खनच्या जुन्या वाटा, देवींची ठाणी आणि बौद्ध विहार ह्यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बंदरांतून देशावर जाणारे तांडे ज्या खिंडींतून चढत, त्या खिंडींच्या आसपास विहार उभे राहिले. विहार ही निव्वळ ध्यानस्थाने नव्हती. व्यापाऱ्यांना आसरा, शिधा व भांडवल तेथे मिळे. रानातील अन्नसंकलक टोळ्यांत भिक्षू निःशस्त्र फिरत, आणि त्यांच्या पाठोपाठ व्यापार व नांगर हे दोन्ही पुढे सरकत. दूरच्या व्यापाराची भरती ओसरून खेडी स्वयंपूर्ण झाली तेव्हा विहारांचे हे आर्थिक कार्य संपले आणि ते ओस पडले. धर्मसंस्थेला उत्पादनव्यवस्थेची केवळ सावली न मानता तिच्यातील एक कार्यकारी अंग मानणे, ही मार्क्सवादाच्या पाया-इमला ह्या जुन्या रूपकाची फार महत्त्वाची दुरुस्ती होती. ती कोसंबींनी तात्त्विक चर्चेच्या भाषेत क्वचितच मांडली. लेण्यांच्या भाषेत मांडली.

कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी घाटमाथ्यावरची. कोसंबींचा भर त्यांवर व जुन्नरकडच्या लेण्यांवर आहे. घाटाखाली, कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी उल्हासच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. कोसंबींचा सिद्धान्त तेथे लावून पाहण्याजोगा आहे, कारण सिद्धान्तकाराने ज्या उदाहरणांवरून तो बांधला त्यांच्या बाहेरचे उदाहरण हीच खरी परीक्षा. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतील हे काम. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी कमानी, सज्जे व जाळ्या ह्यांची हुबेहूब नक्कल दगडात केलेली आहे. आधी लाकडात बांधीत असलेल्या कारागिराचा हात नुकताच दगडाकडे वळला आहे, हे पाहणाऱ्याच्या तात्काळ लक्षात येते. स्थान पाहिले तर कोसंबींच्या बाजूने कौल पडतो. 'पेरिप्लस'मध्ये उल्लेखिलेल्या कल्याण बंदरापासून उल्हास धरून वर यावे, कोंडाण्याशी डोंगराला भिडावे, राजमाचीच्या वाटेने माथा गाठावा आणि तेथून कार्ले-भाज्याच्या मावळात उतरावे, हा क्रम नकाशावर बोट ठेवून दाखविता येतो. आजही राजमाची चढणारे लोक कोंडाण्यावरूनच जातात. कर्जतच्याच परिसरात आंबिवलीचे लेणे आहे, त्याचीही गणना ह्या साखळीत करावयास हरकत नाही.

परंतु कोरीव लेखांकडे वळले म्हणजे चित्र इतके सरळ राहत नाही. कार्ल्यास वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल भेटतो, धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त भेटतो, सुतार भेटतो, यवन भेटतात. उषवदाताने भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याची नोंद मिळते. व्यापारी, कारागीर व राज्यसत्ता ही तिन्ही तेथे स्वमुखाने बोलतात. कोंडाण्यास दात्यांची अशी रांग नाही. तेथील सर्वांत परिचित लेख चैत्याच्या दर्शनी भागावरील भग्न मूर्तीजवळचा असून, कण्हाचा शिष्य बलक ह्याने हे केले, एवढेच तो सांगतो. द्रव्य कोणी दिले हे नव्हे, तर काम कोणी केले हे तेथे कोरलेले आहे. मार्क्सवादी अभ्यासकाला ह्याहून अधिक प्रिय लेख कोणता असावा! दात्यांची नावे शेकड्यांनी उरली, हातांची नावे बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतील हे एक. तथापि भावनेच्या भरात हे विसरता कामा नये की व्यापारी भांडवलाने विहार पोसला ह्या प्रमेयाला ह्या लेखाने आधार मिळत नाही. स्थान अनुकूल आहे, लेख तटस्थ आहे. हिमांशू प्रभा रे ह्यांनी 1986 च्या आपल्या ग्रंथात सातवाहनकालीन विहार व व्यापार ह्यांच्या संबंधाचा जो सविस्तर विचार केला, त्यानंतर हा प्रश्न एका कारणावर न सोपविता स्थळागणिक तपासण्याची दृष्टी रूढ झाली. ती कोसंबींच्या निष्कर्षाला मर्यादा घालते, पण त्यांच्या पद्धतीला पुष्टीच देते, असे आम्हांस वाटते.

कोसंबींच्या दृष्टीचा दुसरा विशेष, म्हणजे निरनिराळ्या काळांतील उत्पादनपद्धती भारतात एकाच वेळी शेजारी शेजारी नांदतात हे निरीक्षण, कर्जत-खालापुरात इतके स्पष्ट दिसते की त्यासाठी वेगळा युक्तिवाद नको. खालच्या खोऱ्यात भाताची खाचरे: राब भाजावयाचा, नांगर धरावयाचा, चिखलणी करून लावणी करावयाची. त्याच्या वर वरकस. त्याहून वर डोंगरउतारावर ठाकरांची व कातकऱ्यांची दळी: झाडोरा तोडून, जाळून, राखेत नाचणी व वरी पेरावयाची, नांगर तेथे चालत नाही, कुदळीने भागवावे लागते. कातकऱ्याचे नावच काताच्या धंद्यावरून पडलेले. रान सरकारी झाल्यावर तो कोळशाच्या भट्टीवर व पुढे विटांच्या भट्टीवर गेला. आणि ह्या डोंगराच्याच कुशीतून मोठाल्या नळांनी घाटावरचे पाणी खाली आणून 1915 मध्ये खोपोलीस व 1922 मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीस टाटांची जलविद्युत्केंद्रे सुरू झाली. ती वीज ह्या खोऱ्यासाठी नव्हती. ती तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांत जाई. कुदळ, नांगर व टर्बाइन ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात येतात. पाच अवस्थांची पंचपदी येथे काळाच्या जिन्यासारखी नव्हे, डोंगराच्या थरांसारखी आहे.

ह्या तारांनी पुढे एक असा पेच निर्माण केला की तत्त्वज्ञानाच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न जीवनमरणाचा झाला. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, हे 1912 साली जन्मलेले, नाभिक कुटुंबातील वकील. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी भूमिगत आझाद दस्ता उभारला. कर्जत-मुरबाड भागातील विजेचे मनोरे पाडावयाचे, म्हणजे मुंबईचे कारखाने व गिरण्या ठप्प होतील आणि युद्धाच्या उत्पादनाला खीळ बसेल, हा त्यांचा बेत होता. आणि 1942 च्या उत्तरार्धात त्यांनी मनोरे पाडलेही. ज्या गिरण्यांत ही वीज जात होती, तेथील लाल बावट्याची संघटना ही देशातील साम्यवादी चळवळीचा बालेकिल्ला. परंतु जून 1941 मध्ये जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर युद्धाचा अर्थ साम्यवादी पक्षाने बदलला होता. साम्राज्यशाही युद्ध आता लोकयुद्ध झाले होते. जुलै 1942 मध्ये पक्षावरील बंदी उठली होती. उत्पादन चालू राहावे हे धोरण ठरले होते. तारेच्या एका टोकास मनोरा पाडणारे शेतकरी तरुण, दुसऱ्या टोकास यंत्र चालू ठेवा म्हणणारे कामगारांचे पुढारी. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील पडले.

लोकयुद्धाच्या भूमिकेला केवळ विश्वासघात म्हणून हातावेगळे करणे इतिहासकाराला शोभत नाही. फॅसिझमचा पराभव ही जगाच्या दृष्टीने अग्रक्रमाची गोष्ट आहे, हे मत मानवेंद्रनाथ रॉय ह्यांनी साम्यवादी पक्षाच्याही आधी, युद्ध सुरू झाल्यावर लवकरच मांडले होते, आणि ते मॉस्कोच्या आज्ञेने मांडलेले नव्हते. त्या मताची चूक त्याच्या हेतूत नव्हती. जगाच्या रणांगणावरून काढलेला निष्कर्ष उल्हासच्या खोऱ्यातील माणसाच्या अनुभवाशी जोडण्याचे कोणतेही साधन त्या सिद्धान्तापाशी नव्हते, ही खरी उणीव. रॉय ह्यांना ती जाणवली असावी. 1946 च्या बावीस प्रमेयांतून त्यांनी व्यक्तीच्या स्वातंत्र्याला वर्गाच्याही वर स्थान दिले, आणि 1948 च्या अखेरीस स्वतःचा पक्षच विसर्जित केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्याद्वारे ह्या विचाराचा ठसा मराठी वैचारिक वाङ्मयावर दीर्घकाळ राहिला. आचार्य जावडेकरांनी सत्याग्रही समाजवादाची मांडणी करून मार्क्सचे साध्य व गांधींचे साधन ह्यांचा मेळ घालू पाहिला, तोही ह्याच अस्वस्थतेतून. पण रॉयवादी अभ्यासमंडळे काय किंवा जावडेकरांचे वाचक काय, हा शिकलेल्या मध्यमवर्गाचा व्यवहार होता. घाटाखालच्या वाड्यांपर्यंत तो उतरला नाही.

कोतवालांविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे, कारण स्मारकांवर ती सहसा नसते. बंदुकीच्या आधी त्यांनी धान्य हाती घेतले होते. पावसाळ्याच्या तोंडावर घरातील भात संपलेल्या कुळाने सावकाराकडून खावटी उचलावयाची व सुगीला ती दिढीने फेडावयाची, हे ह्या भागातील दास्याचे मूळ. कोतवालांनी गावकऱ्यांची धान्यकोठी काढून ह्या चक्राला छेद देण्याचा यत्न केला, आणि खेड्यांत शाळा चालविल्या. वरकड मूल्याचा सिद्धान्त त्यांनी कितपत वाचला होता हा प्रश्न येथे गौण आहे. वरकड येथे मजुरीतून नव्हे, व्याजाच्या धान्यातून काढून घेतले जाते, हे त्यांना दिसले होते. आणि गिरणीवरून सिद्धान्त शिकलेल्यांना ते उशिरा दिसले.

कुलाबा जिल्ह्यात मार्क्सवाद लोकांच्या बोलीत आला तो वेगळ्याच दाराने. अलिबागजवळ चरी येथे 1933 पासून 1939 पर्यंत नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांचा संप चालला. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, व 10 जानेवारी 1938 रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, त्यात साम्यवादी कार्यकर्तेही सहभागी होते. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोरे व केशवराव जेधे प्रभृतींनी शेतकरी कामगार पक्ष स्थापिला, आणि 1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथील अधिवेशनात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध मान्य केला. दाभाडी प्रबंधाला तात्त्विक ग्रंथ म्हणून फारसे महत्त्व दिले जात नाही. आमच्या मते हा अन्याय आहे. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या माणसांनी शेटजी-भटजींविरुद्धच्या बहुजनांचे रूपांतर शोषकांविरुद्धच्या वर्गात केले, आणि तरीही साम्यवादी पक्षात विलीन होण्याचे नाकारले. सिद्धान्त घ्यावयाचा, पण त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार दुसऱ्याकडे सोपवावयाचा नाही, ही भूमिका स्वतःच एक पुनर्मांडणी होय. पक्ष लवकरच दुभंगला, जेधे 1954 मध्ये काँग्रेसमध्ये परतले; परंतु कुलाबा जिल्ह्यात लाल बावटा हा नंतर कित्येक दशके शेतकऱ्याचा बावटा म्हणूनच ओळखला गेला.

ह्या रूपांतराची किंमत मात्र होती. बहुजन ह्या शब्दाच्या पोटात जमीनवाला शेतकरी, कूळ व भूमिहीन मजूर हे सारे मावत होते. शेतकरी-कामगार ह्या जोडनावातही ते मावले. 1 एप्रिल 1957 ह्या कृषकदिनी कूळकायद्याच्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले, तेव्हा मालक झाला तो ज्याचे नाव कूळ म्हणून कागदावर होते तो. त्याच्या शेतावर लावणीला येणारा कातकरी कूळ नव्हता. त्याने उचल घेतलेली असे, आणि उचलीची नोंद देणाऱ्याच्या वहीत असते, तलाठ्याच्या दप्तरात नसते. वेठबिगारी कायद्याने नष्ट झाली ती 1976 मध्ये. म्हणजे एकोणीस वर्षांच्या अंतराने एकाच शिवारातील दोन माणसांकडे कायद्याचे लक्ष गेले. आणि त्यांच्यातील संबंध काय आहे, हे सांगणारी संज्ञा दाभाडीच्या शब्दकोशात नव्हती.

जात हे श्रमांचे नव्हे तर श्रमिकांचेच विभाजन आहे, हे आंबेडकरांनी 1936 मध्येच सांगितले होते. आणि फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही ह्या दोन्ही शत्रूंचा उच्चार केला. कर्जत हे त्याच रेल्वेवरचे ठाणे. नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडू येथे बुद्ध व मार्क्स ह्यांची तुलना करताना दुःखनिवारणाचे साध्य दोघांना समान मानून त्यांनी हिंसा व हुकूमशाही ही साधने नाकारली. साम्यवाद्यांनी हे सारे दीर्घकाळ बाहेरची टीका म्हणून बाजूला ठेवले. ती टीका आतली करण्याचे काम धुळ्याच्या शरद पाटील ह्यांनी हाती घेतले. 1978 मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्स, फुले व आंबेडकर ह्यांचा समन्वय करणारी मांडणी केली. भारतात जात ही वर्गाच्या आधीची व स्वतंत्र शोषणसंस्था आहे असे प्रतिपादिले, आणि कोसंबींनाही सोडले नाही. पाणिनीच्या व्याकरणातून त्यांनी जो प्राचीन समाज उभा केला तो वाचताना आम्हांस डांग्यांच्या यज्ञमीमांसेची आठवण होते, हे कबूल केले पाहिजे. शब्दावर इतका भार टाकणे धोक्याचे आहे. पण त्यांचा मूळ प्रश्न अचूक होता. आदिवासी व दलित श्रमिकांना वर्गाच्या यादीत शेवटी जोडून चालणार नाही, त्यांच्यापासून यादी सुरू केली पाहिजे, असे म्हणणारा मार्क्सवाद त्यांच्याआधी महाराष्ट्रात पक्षाच्या रूपाने उभा राहिला नव्हता.

कर्जत व खालापूर येथे ही यादी जेथून सुरू करता येईल अशी एक जागा आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तिचा निर्देश करावासा वाटतो. दळीच्या जमिनी इंग्रजी अमदानीत वनखात्याने व्यक्तीला न देता समूहाला, त्याच्या नाईकाच्या नावे लावून दिल्या. मालकी सरकारची, कसवणूक वाडीची, कागद नाईकाचा. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर रायगडमधील दळीधारकांचे दावे दाखल होऊ लागले, तेव्हा एका नाईकाच्या नावामागे कोणकोणती कुटुंबे होती, हे वाडीत बसून, पिढ्या मोजून ठरवावे लागले. ही जमीन खाजगी नव्हती आणि मुक्त सामुदायिकही नव्हती. आदिम साम्यवादाचा अवशेष म्हणावा तर ती वनखात्याची निर्मिती आहे; सरंजामी म्हणावी तर जमीनदार नाही; भांडवली म्हणावी तर विकता येत नाही. दळीची जुनी वही, वनखात्याचा नकाशा आणि दाव्यांच्या वेळी नोंदविलेल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी, ही तिन्ही साधने शेजारी ठेवून एका वाडीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिता येण्यासारखा आहे. कोसंबींनी नाणी तोलली, त्या काटेकोरपणे ही वही कोणी तोलून पाहील काय?